तीस वर्षांचा सर्च

१

रविवारी सकाळी आम्ही कुरणावर पोचलो, तेव्हा शुभदाच्या अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यात एक खड्डा होता. चारही बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ, माणूस गळ्यापर्यंत उभा राहील इतका खोल, आणि तळाशी पांढरी स्वच्छ वाळू. उपटलेली मुळं ढिगावर फेकून दिली होती. बाकीच्या जमिनीत दर दहा पावलांवर नारिंगी डोक्याची खुंटी ठोकलेली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आमची म्हणजे खरं तर माझ्या लेकीची जमीन, तीही पाव हिस्सा. अपूर्वा नेदरलँड्समध्ये बेस्ट नावाच्या गावात राहते, चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. गेल्या वर्षी अपूर्वा, शुभदा, ऋषभ आणि गुरुनाथ अशा चार घरांनी मिळून गावाबाहेरचं हे एकरभर कुरण घेतलं. भाजी लावावी, सुट्टीत पोरांचे हात मातीत जावेत, एवढीच हौस.

मी वसुधा. पुण्यात जमिनींचे सर्च काढण्यात माझं आयुष्य गेलं. कुणी जागा घ्यायला निघाला, की ती आधी कुणाची होती, गहाण आहे का, कुणाचा हक्क लपून राहिलाय का, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली जुनी रजिस्टरं चाळून वकिलाला लिहून द्यायचं. चौतीस वर्षं मी ती धूळ खाल्ली. जिवंत भावाला मेलेला दाखवून सह्या करणारे पाहिले, आईचा अंगठा झोपेत उठवून घेणारे पाहिले. जमीन दिसली की माणसाच्या तोंडाला जी लाळ सुटते, तिची मला किळस आहे. इकडे येऊन ती थोडी कमी होईल असं वाटलं होतं.

कुंपणाच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद लटकत होता. गुरुनाथांनी तो काढून वाचला. गुरुनाथ हार्लेमचे, बावीस वर्षं इथे, डच असं बोलतात की दुकानदार वळून बघतो. कुणाला घर शोधून दे, कुणाच्या पोराला शाळा मिळवून दे, असं सगळ्यांचं सगळं त्यांनी केलेलं. म्हणून सगळे त्यांना गुरुदादा म्हणतात. हे कुरणही त्यांनीच शोधलं होतं.

"वाळू काढायचा परवाना आहे," ते शांतपणे म्हणाले. "हा तपासणीचा खड्डा, खुंट्या मोजणीच्या. १९५८ सालचं एक खत आहे म्हणे. एक मीटरच्या खालची वाळू आपली नाहीच. ती एका वाळूच्या कंपनीकडे आहे. आपली फक्त वरची माती."

"म्हणजे वरची माती उचलून बाजूला ठेवणार आणि खालून जमीन घेऊन जाणार?" शुभदा ओरडली. "मग उरणार काय?"

"तळं," गुरुनाथ म्हणाले.

मग झूटरमेरचा ऋषभ, आयटीवाला, अपूर्वाकडे वळला. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

"कागदपत्रं तू बघत होतीस ना? सर्च तूच करून घेतलास ना, अपूर्वा?"

२

घरी येईपर्यंत अपूर्वा माझ्या पुढे सायकल मारत राहिली. सायकली लावल्या, बूट काढले आणि ती सोफ्यावर बसून राहिली. चहा पुढे ठेवला, तो गार झाला.

संध्याकाळी गुरुनाथांचा मेल आला. गोड भाषेत लिहिलेला. काळजी करू नकोस, मी कंपनीशी बोललोय, माणसं समजूतदार आहेत. परवान्याला हरकत घ्यायची मुदत पुढच्या सोमवारी संपते. हरकत घेतली तर वर्षानुवर्षं भांडण. न घेतली तर ते सगळ्यांना भरपाई देतील. फक्त आपल्या गटात वाद नको म्हणून एक पत्र जोडलंय. शनिवारी तुझ्याकडे जमू आणि सह्या करून टाकू.

जोडलेलं पत्र अपूर्वाच्या नावाने होतं. मालकी हक्काचा शोध मी अपुरा करून घेतला. चूक संपूर्णपणे माझी. इतरांचा त्यात काही संबंध नाही. परवान्याला आमच्यापैकी कुणाचीही हरकत नाही.

"तू सही करणार आहेस?" मी विचारलं.

"चूक माझीच आहे, आई."

"चूक आहे का ते मी बघते. फाइल आण."

मला डच येत नाही. पण कागद सगळीकडचे सारखेच असतात, खोटं बोलताना ते सारख्याच जागी अडखळतात. फाइलमध्ये नोटारिसचं पत्र होतं. इथे जमिनीचे व्यवहार नोटारिसच्या हातून होतात, तो स्वतः शोध घेतो आणि खरेदीखत करतो. त्याच्या डच पत्रामागे एक इंग्रजी पान लावलेलं होतं. सगळ्यांना समजावं म्हणून ऋषभने केलेलं भाषांतर.

मी दोन्ही शेजारी ठेवली आणि जुन्या सवयीने परिच्छेद मोजले. पुन्हा मोजले. डच पत्रात सात होते. इंग्रजीत सहा.

"अपूर्वा, तू डच पत्र वाचलं होतंस?"

"मला डच दुकानात बोलण्याइतकं येतं. मी इंग्रजी वाचलं. त्यात नोटारिसने विचारलं होतं की जुनी खतं किती वर्षं मागपर्यंत काढू? मी उत्तर पाठवलं."

"काय उत्तर?"

ती उठली आणि खिडकीपाशी गेली. "जाऊ दे ना आता."

मी तिच्या लॅपटॉपवर तो मेल शोधला. गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला, इंग्रजीत, दोन ओळींचा. 'तीस वर्षांचा शोध पुरेसा आहे. त्यामागची खतं नकोत.'

तीस वर्षं. इथे असा नियम नाही, त्या नोटारिसलाही हा आकडा नवलाचा वाटला असेल. तीस वर्षांचा सर्च ही आमच्याकडची रीत आहे. वकील मागतात, बँका मागतात, सगळे तिथेच थांबतात. त्या एप्रिलमधला एक फोन मला आठवला. मी गवार निवडत होते. अपूर्वाने विचारलं होतं, आई, सर्च किती वर्षांचा घ्यायचा? कुठली जमीन, कुठला देश, काही न विचारता मी म्हणाले होते, तीस. तीस पुरे.

३

तिने मला एका शब्दाने जाब विचारला नव्हता. रविवारी सगळे तिच्याकडे बघत होते, मी शेजारी उभी होते, आणि माझं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

"तुझं नाव घेऊन काय होणार होतं?" ती म्हणाली. "तू चौतीस वर्षं हेच काम केलंस. लोकांसमोर..."

मला स्वतःची जी घाण वाटली ती सांगत नाही. दुसऱ्यांच्या चुका चिमटीत धरून दाखवण्यात मी उभा जन्म घालवला, आणि माझ्या पोरीला गवार निवडता निवडता खड्ड्यात ढकललं.

पण रडत बसायला वेळ नव्हता, सोमवारी मुदत संपत होती. गाळलेला परिच्छेद पाचवा होता. अपूर्वाने फोन त्यावर धरून तो मराठीत करून घेतला. नोटारिसने स्पष्ट लिहिलं होतं: चाळीस वर्षांपूर्वी या जमिनीची वाटणी होऊन तिला नवीन क्रमांक मिळाला. नवीन क्रमांकावर काही बोजा दिसत नाही. पण जुन्या क्रमांकावर १९५८चं एक खत आहे, त्यात जमिनीखालच्या मालाबद्दल अट असू शकते. ते मागवायला दोन आठवडे लागतील. मागवू का?

त्यानंतरचा परिच्छेद, किती वर्षं मागे जाऊ. तो भाषांतरात होता. पाचवा वाचलेला माणूस तीस वर्षांवर कधीच थांबला नसता.

मंगळवारी मी एकटीच ट्रेनने झूटरमेरला गेले. ऋषभ घरून काम करत होता. त्याच्या मुलीने दार उघडलं, मी मराठीत विचारलं, ती डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि पळाली.

"काकू, भाषांतर मी नाही केलं, टूलने केलं," ऋषभ म्हणाला. "मी फक्त पेस्ट केलं. टूल कधीकधी गाळतं."

"गाळत असेल. मी त्यातली अडाणी. पण नोटारिसच्या परिच्छेदांना क्रमांक आहेत, एक ते सात. यंत्राने पाचवा खाल्ला असता तर तुझ्या पानावर चारनंतर सहा आला असता. तुझ्याकडे सरळ एक ते सहा आहेत. यंत्र खातं, पण खाल्ल्यावर ताट पुसून ठेवत नाही."

तो लाल झाला. कीबोर्ड उगाच सरळ केला.

"मला सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "पाचव्यात काही नाही, नेहमीचा वकिली मजकूर आहे, वाचून सगळे उगाच घाबरतील. आणि दोन आठवडे थांबलो असतो तर अक्षय्य तृतीया गेली असती. सह्या त्या दिवशी करायच्या ठरल्या होत्या ना."

"कुणी सांगितलं?"

"काकू, माझा इथे राहायचा परवाना नोकरीवर आहे. नोकरी माणसांवर आहे. मला यात ओढू नका, प्लीज."

"आणि रविवारी अपूर्वाला पुढे ढकललंस, तेव्हा तिला कुणी ओढलं?"

तो पुन्हा स्क्रीनकडे वळला. मी निघाले तेव्हा तो दारापर्यंतही आला नाही. मात्र जिना उतरताना त्याचा आवाज ऐकू आला. तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, "त्यांनी परिच्छेद मोजले."

४

बुधवारी संध्याकाळी शुभदा कुरणावर होती. ती विद्यापीठात मातीवर संशोधन करते. एकटीच फावड्याने तो खड्डा बुजवत होती.

"तीन वर्षं थांबावं लागतं, काकू," ती ढिगातली मुळं वेचत म्हणाली. "अ‍ॅस्परॅगस पहिली दोन वर्षं काढायचाच नसतो. मुळं धरू द्यायची. तिसऱ्या वर्षी पहिलं पीक. माझं एकच वर्ष झालं होतं."

तिला खरंच वाईट वाटत होतं. मी तिला विचारलं, तू तर मातीतली तज्ज्ञ, जमीन घ्यायच्या आधी बघितली नव्हतीस?

"बघितली ना. खरेदीआधी, मार्चमध्ये, मातीचा नमुना काढायला बोअर घेतलं होतं."

"किती खोल?"

तिने मुळं खाली ठेवली. "तीन मीटर."

"कोथिंबिरीची मुळं तीन मीटर जातात?"

"मला उत्सुकता होती..." तिने फावडं उगाच गवतावर पुसलं. "खाली उत्तम वाळू आहे, बांधकामाची. मी लिहून दिलं होतं."

"कुणाला? अपूर्वाला नाही मिळालं."

"गटाला. म्हणजे, गटातल्या... काकू, मला वाटलं ते सगळ्यांना सांगतील. नंतर कुणीच विषय काढला नाही, मग मीही नाही काढला."

ते, असं ती म्हणाली. पण नाव न घेता पुन्हा मुळं वेचायला लागली. उत्तम वाळू आहे हे वर्षभर माहीत असलेली बाई रविवारी मोठमोठ्याने ओरडत होती, उरणार काय म्हणून. मला तिच्या हातातलं फावडं काढून घ्यावंसं वाटलं.

त्याऐवजी मी कुरणावर चक्कर मारली. एक नंबरचा भाग ऋषभचा. त्याने तिथे अवजारांची खोली बांधलीय, खाली काँक्रीट ओतून, नवीन लग्न झालेल्या माणसासारख्या उत्साहाने. दोन नंबर अपूर्वाचा, तिथे तिने लावलेली सफरचंदाची दोन रोपं. तीन नंबर शुभदाचा. दोन आणि तीनच्या मधली रेघ एका जागी वाकलेली आहे. तिथे आधीपासून पेअरचं जुनं झाड होतं, ते रेघेवर येत होतं म्हणून खरेदीनंतर भूमिपूजनाच्या दिवशी दोघींनी ती वळवून घेतली. मी तो सोहळा व्हिडिओवर पुण्याहून बघितला होता.

चार नंबर गुरुनाथांचा, रस्त्याला लागून, गटाराच्या कडेला. सगळ्यात वाईट तुकडा. त्या दिवशी चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, तर ते हसत म्हणाले होते, चिठ्ठ्या तुम्ही तिघांनी टाका, रस्त्याकडचा मला द्या, मी मोठा आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुण्यात बसून मीही वाजवल्या. त्यांच्या तुकड्यावर लाकडी खोक्यांत मेथी आणि पुदिना होता. पाठीचा त्रास आहे, वाकवत नाही, म्हणून खोक्यांत.

घरी आले तर अपूर्वा टेबलाशी बसली होती. पत्र छापून समोर ठेवलं होतं, शेजारी पेन.

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं," ती म्हणाली. "आत्ताच करून टाकते. मला रोज त्यांचे मेसेज नको आहेत."

मी पेन उचललं आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"मला दोन दिवस दे," मी म्हणाले. "माझ्यासाठी तू एवढं गिळलंस. दोन दिवस आणखी गीळ."

५

ज्याच्या जमिनीला परवान्याची झळ लागते, त्याला अर्जाचे सगळे कागद बघायचा हक्क आहे. हे अपूर्वाने शोधून काढलं, सुट्टी टाकली आणि गुरुवारी आम्ही दोघी परवाना देणाऱ्या ब्राबांट प्रांत सरकारच्या कार्यालयात गेलो. एका बाईने आम्हाला खोली दिली, फाइल दिली आणि कॉफीही दिली. चौतीस वर्षांत मला कुठल्या कार्यालयात कुणी कॉफी दिली नव्हती.

फाइलमधली माणसांची नावं काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती. इथला कायदाच तसा आहे. अपूर्वा हिरमुसली. मी म्हटलं, नाव सोड, बाकीचं वाच.

आधी १९५८चं खत निघालं. त्यात अट होती. वाळूचा हक्क एका कंत्राटदाराकडे राहील. पण जोवर शेतकऱ्याचं कुटुंब इथे स्वतःच्या गाई चारतं, तोवर वाळूला हात लावायचा नाही. कुटुंबाने जमीन बाहेरच्या माणसाला विकली, की त्या दिवसापासून हक्क जागा.

मी ती ओळ अपूर्वाला दोनदा वाचायला लावली. म्हणजे साठेक वर्षं गाईंनी ती वाळू राखली होती. ती जागी करायला कुणीतरी बाहेरचा विकत घेणारा हवा होता. ज्याला खत माहीत नाही असा. वाळूवाल्याने स्वतः जमीन मागितली असती तर शेतकऱ्याच्या मुलांनी अट ओळखली असती आणि तोंडाला येईल तो भाव मागितला असता. भाजी लावणारे चार हौशी भारतीय आले, म्हणून त्यांनी कुरणाच्या भावात देऊन टाकलं.

मग परवान्याचा अर्ज. तारीख चौदा एप्रिल, गेल्या वर्षीची. आमच्या खरेदीच्या सह्या तीस एप्रिलला झाल्या. जमीन आमची व्हायच्या सोळा दिवस आधी कुणीतरी तिच्यातली वाळू काढायचा अर्ज करून मोकळं झालं होतं.

शेवटी नकाशा. जमिनीचे चार भाग पाडलेले, एक ते चार आकडे घातलेले. चार नंबरमधून ट्रकचा रस्ता दाखवलेला. सोबत एक संमतीपत्र: भाग क्रमांक चारचा होणारा मालक आणि कंपनीतला भागीदार या नात्याने मी वाहतुकीला परवानगी देत आहे. खाली सही, सहीवर काळी पट्टी.

"आई," अपूर्वा हळूच म्हणाली, "हे चार भाग मी आपल्या डायनिंग टेबलवर काढले होते. मार्चमध्ये, पेन्सिलने. तो कागद फक्त आम्ही चौघांनी बघितला. प्रत्येकाने फोटो काढला होता."

मी त्या नकाशावर बोट फिरवलं. दोन आणि तीनच्या मधली रेघ सरळसोट होती, पेअरच्या झाडाच्या आरपार गेलेली. मी कॉफी बाजूला सरकवली.

६

शनिवारी अकराला सगळे जमले. गुरुनाथांनी येताना सगळ्यांसाठी केक आणला होता आणि खिशात चांगलं पेन होतं. अपूर्वाने पोहे केले होते. त्यांनी ते खाल्लेसुद्धा, लिंबू मागून घेऊन.

"चला, हे एकदा संपवू," ते म्हणाले. "अपूर्वा, मनाला लावून घेऊ नकोस. चुका माणसाकडूनच होतात."

"एक मिनिट," मी म्हणाले. "चूक माझी आहे. तीस वर्षं पुरे हे मी सांगितलं. तिने फोन केला, मी पुण्यातली रीत ब्राबांटला लावली. ही पोर माझं नाव झाकायला सही करणार होती. आता ते झाकायची गरज नाही."

शुभदाने मान खाली घातली. गुरुनाथ मात्र माझ्याकडे बघत होते.

"आता बाकीचं सांगते. ऋषभने पाचवा परिच्छेद काढला, कारण त्याला सांगितलं गेलं. शुभदाने तीन मीटरचं बोअर घेतलं आणि निकाल एकाच माणसाला दिला. परवान्याचा अर्ज खरेदीच्या आधीचा आहे. त्यातला नकाशा अपूर्वाच्या टेबलवरच्या पेन्सिलीच्या रेघांचा आहे. पूजेच्या दिवशी रेघ वाकली, ती त्यात नाही. म्हणजे तो इथूनच गेला, मार्चमध्ये, चौघांपैकी एकाकडून. संमती दिलीय चार नंबरच्या होणाऱ्या मालकाने. तेव्हा चिठ्ठ्याही पडल्या नव्हत्या. चार नंबर आपल्यालाच मिळणार हे कुणाला माहीत होतं? ज्याने चिठ्ठी न टाकता मागून घेतला, त्याला."

"काकू, रस्ता त्याच बाजूला आहे," गुरुनाथ हसून म्हणाले. "कंपनीने तिथून वाट काढली तर मी काय करणार? सहीवरचं नाव तुम्ही वाचलंत?"

"नाही. झाकलेलं आहे. म्हणून मी जमीन वाचली. या सगळ्यांना ठाऊक नव्हतं हेही मला जमिनीनेच सांगितलं. ऋषभने काँक्रीट ओतलं. शुभदाने तीन वर्षांनी येणारं पीक लावलं. अपूर्वाने सफरचंद लावलं. जमीन उचलली जाणार हे माहीत असलेला माणूस असं काही करत नाही. वर्षभरात तुम्ही तिथे एकही मूळ मातीत घातलं नाहीत, गुरुनाथराव. मेथीसुद्धा खोक्यात. उद्या उचलून गाडीत टाकता येईल अशी."

ऋषभ प्लेटकडे बघत म्हणाला, "पाचवा काढायला दादांनीच सांगितलं होतं." शुभदा म्हणाली, "निकालही त्यांनीच मागितला होता." बोलायला धैर्य लागतं असं मला वाटायचं. यांना फक्त दुसऱ्याने आधी बोलायला हवं होतं.

"आणि आईला विचार असं मला तुम्हीच सुचवलंत, दादा," अपूर्वा म्हणाली. "मी म्हटलं होतं, नोटारिसलाच विचारू. तुम्ही म्हणालात, तुझी आई आहे की, तिच्याएवढं कुणाला कळतं?"

मला तोपर्यंत हे माहीत नव्हतं. इथे तीन घरं घेतलेल्या माणसाला इथली पद्धत पाठ होती आणि आमचीही. मी काय उत्तर देणार हे त्याला आधीच माहीत होतं. आणि उद्या अंगाशी आलं, तर ही मुलगी आईचं नाव घेणार नाही, हेही त्याने आधीच धरलं होतं. माझ्या लेकीच्या चांगुलपणाचं त्याने माप घेतलं होतं, शुभदाने वाळूचं घेतलं तसं. लबाड माणसं मी हजारांनी पाहिली. इतकी किळस मला कुणाची आली नाही.

गुरुनाथांनी रुमालाने ओठ पुसले.

"यात बेकायदेशीर काय आहे, काकू? हक्क जुना आहे, मी त्यात नंतर भागीदार झालो. परवाना रीतसर आहे. शोध कमी घेतला तो तुम्ही घेतलात. मी कुणाची सही चोरली नाही."

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही केक आणलात."

मला वाटलं, आता ऋषभ उठेल. शुभदा काहीतरी फेकून मारेल. बावीस वर्षांच्या त्या दादापणाला कुणीतरी दाराबाहेर काढेल. ऋषभने घसा खाकरला.

"दादा," तो म्हणाला, "वाळू किती निघेल साधारण? म्हणजे... आपण सगळेच भागीदार झालो तर? जमीन शेवटी आपल्या सगळ्यांची आहे."

मी शुभदाकडे बघितलं. ती नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, "खोली बारा मीटरपर्यंत जाईल. माझ्याकडे आकडे आहेत."

गुरुनाथांच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आलं, घरातल्या मोठ्या माणसाचं. "बसून बोलू ना. फक्त हरकत नको. एकाने जरी घेतली तरी सगळं अडकेल."

तिघांनीही एकदम अपूर्वाकडे पाहिलं. रविवारी पाहिलं होतं तसंच, पण या वेळी लाडीगोडीने. अपू, विचार कर. अपू, तुझाही फायदाच आहे.

अपूर्वा उठली आणि टेबलावरच्या पोह्यांच्या प्लेटी गोळा करू लागली, त्यांचं खाणं संपायच्या आधीच. गुरुनाथांच्या हातातला चमचासुद्धा तिने काढून घेतला.

"आता निघा," ती म्हणाली.

ते गेल्यावर तिने केक डब्यासकट कचऱ्यात टाकला. मग खिडक्या उघडल्या. आम्ही दोघी हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. शोध तीस वर्षांवर का थांबला, ते लिहायची वेळ आली तेव्हा ती अडखळली.

"लिही," मी म्हणाले. "माझ्या आईने सल्ला दिला आणि तो चुकीचा होता. तिचं पूर्ण नाव लिही."

"आई, नको ना."

"काळी पट्टी लावायची असली तर ते लावतील. तू लिही."

तिने लिहिलं. रडत लिहिलं, पण अक्षर सरळ आलं. तोवर तिच्या फोनवर गटातून तिला काढून टाकल्याचा मेसेज येऊन पडला होता.

सोमवारी आम्ही दोघी ट्रेनने जाऊन अर्ज देऊन आलो. काउंटरवर तीच बाई होती. तिने पानं चाळली, शिक्का मारला आणि जमीन चार जणांच्या नावावर आहे असं बघून विचारलं, अर्जदार किती?

"एक," अपूर्वा म्हणाली.